विष आढळले नाही

त्या कागदावर कामाचे शब्द तीनच होते : विष आढळले नाही.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करतो. पोळा होऊन गेल्यावर एक बाई दिराला घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू. तेवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, रोजानं फवारणी करायचा. सलग तीन दिवस पंप पाठीवर होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला तो घामानं निथळत, तोंडाला लाळ, उलट्या, डोळ्यांना नीट दिसेना. दवाखान्यात चार दिवस काढले आणि गेला. पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, शवविच्छेदन झालं, व्हिसेरा बरण्यांत बंद होऊन प्रयोगशाळेत गेला. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं. कित्येक महिन्यांनी सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला, आणि त्यात हे तीन शब्द.

विमा कंपनीनं दावा फेटाळला, कारण विषबाधा सिद्ध होत नाही. तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती की त्यानं ते पिऊनच घेतलं असेल. मग दिरानं शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी तहसीलचे उंबरे झिजवले. तिथेही तोच कागद आडवा आला. विषच नाही तर आत्महत्या कशाची? माणूस मेला होता हे सगळ्यांना मान्य होतं. पण सरकारी हिशेबात तो अपघातानंही मेला नव्हता आणि स्वतःच्या हातानंही.

मी त्या बाईचा वकील होतो, आणि त्या कागदाला कोणता प्रश्न विचारायचा हे मला माहीत नव्हतं. माझी बी.एस्सी. झालेली आहे, प्राणिशास्त्र घेऊन. हे मुद्दाम सांगतो, पुढे कामी येईल.

आज जे कळतं ते असं. व्हिसेरा म्हणून साधारणपणे जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे पाठवतात. विष प्यालेल्या माणसात ते सापडण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जठर. फवारणी करणाऱ्याच्या अंगात मात्र विष शिरतं ते कातडीतून, श्वासातून, पाठीवर ठिबकणाऱ्या टाकीतून, भिजलेल्या सदऱ्यातून. त्याच्या जठरात काही न सापडणं हे नवल नाही. शिवाय बरीचशी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरात मोडतात. चार दिवस उपचार झाले, वर बरण्या महिनोन्‌महिने पडून राहिल्या, तर मूळ रसायन हाती लागण्याची आशा आणखी कमी होते. ही विषं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचं (एन्झाइमचं) काम बंद पाडतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या हे सगळं त्यामुळेच. म्हणून खरा पुरावा पहिल्या दिवशीच्या रक्तात असतो. विकराची पातळी किती पडली, आणि पुढच्या दिवसांत ती कशी सावरली, हे दोन-तीन नमुन्यांतून कळतं. एकाच नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ही पातळी मुळात माणसागणिक वेगळी असते आणि रक्तद्रवातली पातळी यकृताच्या दुखण्यातही खाली जाते. शिवाय अंगावरचे कपडे हाही पुरावाच. ते आमच्या माणसासोबत चितेवर गेले.

कायद्याची बाजूही तशी लंगडी नव्हती. ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हा १९६० च्या निकालसंग्रहांत छापलेला खटला मी एलएल.बी.ला वाचला होता. पुण्याचा एक डॉक्टर, त्याच्यावर विसंबलेली एक विधवा, पुणे-मुंबई रेल्वेचा प्रवास, आणि रासायनिक तपासणीत विष सापडलेलं नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितीजन्य पुराव्यावर विषप्रयोग मान्य केला आणि शिक्षा कायम ठेवली. म्हणजे ‘विष आढळले नाही’ याचा अर्थ ‘विष नव्हते’ असा होत नाही, हे देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टानं साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं आहे. निकाल माझ्या एका कप्प्यात होता, कोलिनेस्टरेज दुसऱ्या कप्प्यात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत. मधली भिंत पाडायला मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन्ही पदव्या माझ्याजवळ होत्या आणि दोन्ही त्या बाईच्या कामी आल्या नाहीत.

*

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी बारावी सायन्स झाली. नीटमध्ये सरकारी कॉलेजापुरते गुण नाहीत, खाजगीची फी बापाच्या आवाक्यात नाही. मोबाइलवर तिनं शोधून काढलं की परदेशात कायदा आणि बायोमेडिकल सायन्स अशी जोडपदवी असते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ती आहे. कायद्याची ऑनर्स पदवी आणि बायोमेडिकल सायन्सची पदवी अशा दोन वेगळ्या पदव्या, वेगवेगळ्या शिकल्या तर लागतात त्यापेक्षा कमी वर्षांत. सोमवारी करारांचा कायदा, मंगळवारी रेण्वीय जीवशास्त्र. ती मुलगी हरखून गेली होती.

बाप माझ्या ओट्यावर येऊन बसला. “वकीलसाहेब, हे पोट्टी काय म्हणून राह्यली पाहा बरं. वकील व्हाचं का डॉक्टर, थे एक काय तं ठरव म्हटलं. एका म्यानात दोन तलवारी कायले पायजे?”

मी त्याला पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट केली, इथेही करतो, कारण अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती आल्या की आईबापांचा याच बाबतीत घोळ होतो. बायोमेडिकल सायन्स शिकून कुणी डॉक्टर होत नाही. पेशी, रोग, औषधं, आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, विषशास्त्र यांचा तो पाया आहे. रोग्याला हात लावायचा परवाना त्यात मिळत नाही. आपल्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत बारावीनंतरची पाच वर्षांची एकत्रित पदवी आहे, आणि त्यात बी.एस्सी. एलएल.बी.ही बसते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात ती शिकवली जाते. तेव्हा असं काही जगावेगळं नाही. आमच्याकडे बहुतेक पोरं बी.ए. एलएल.बी.च्या मार्गानं जातात किंवा माझ्यासारखी आधी पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. करतात, एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. कायदा आणि बायोमेडिकल सायन्स एकत्र शिकवणारी पदवी देशात सर्वांत जास्त कुठे लागत असेल तर ती मुंबई-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत नाही, विदर्भाच्या तालुक्यांत लागते. तिकडे ही पदवी पेटंटचे अर्ज लिहील. इथे ती माणूस कशानं मेला हे सिद्ध करील. इथल्या गरिबाच्या फायलीत जमिनीखालोखाल जर काही असेल तर त्याचं शरीर असतं, आणि त्या शरीराचा कागद झाला की तो वाचणारा कुणी त्याच्या बाजूला उभा नसतो.

देसाईगंजची आठवण काढल्याशिवाय हा विषय विदर्भात बोलता येत नाही. मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आताच्या गडचिरोलीतलं वडसा-देसाईगंजचं पोलीस ठाणं, मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी आणि तिच्यावरच्या बलात्काराचा आरोप असलेले दोन पोलीस. तिचं नाव मी लिहीत नाही. कायद्याच्या पुस्तकांनी ते गरजेपेक्षा जास्त वापरलं आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. सुटकेच्या मुळाशी काय होतं ते निकालात जाऊन वाचा : अंगावर जखमा नाहीत, योनिपटल जुनं फाटलेलं, दोन बोटं सहज जातात. एका वैद्यकीय तपासणीच्या चार ओळी. जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती, अशी ती साखळी. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा सरकारी नोकराच्या ताब्यात असलेली स्त्री संमती नव्हती असं म्हणाली, तर तसं गृहीत धरायचं, अशी तरतूद आली.

कायदा बदलला, त्या चार ओळी मात्र तशाच राहिल्या. पुढची तीस वर्षं दवाखान्यांतले डॉक्टर दोन बोटांची चाचणी करत राहिले आणि लिहीत राहिले. त्या ओळींवर घाव घातला तोही विदर्भातूनच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक शास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या तपासण्या किती गचाळ होतात याचा अभ्यास २०१० मध्ये मांडला आणि त्याच्या आधारावर नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१४ मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

वडसा ते सेवाग्राम अंतर फार नाही. हे अंतर कापायला अडतीस वर्षं लागली. का लागली? कायदेवाल्यांनी कायद्याचं वाक्य बदललं आणि डॉक्टरांची वाक्यं डॉक्टरांवर सोडून दिली. डॉक्टरांना आपलं वाक्य कोर्टात जाऊन काय करतं याची कल्पना नव्हती. दोन्ही भाषा येणारा एक माणूस उभा राहिला तेव्हा काम हललं. अशी माणसं योगायोगानं निपजावीत अशी आपली आजवरची व्यवस्था आहे. मला ती योगायोगावर सोडायची नाही.

*

आता पैशाचं बोलू. शेतकरी आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख आहेत. तिच्यात सर्पदंश येतो, वीज पडणं येतं, कीटकनाशकाची विषबाधाही येते, पण आत्महत्या येत नाही. एप्रिल २०२३ पासून या योजनेतून विमा कंपनी गेली आणि सरकार थेट सानुग्रह अनुदान देऊ लागलं. चांगलं झालं. पण विषबाधा होती का, आणि ती अपघाती होती का, हा प्रश्न जागच्या जागी आहे. बाटली तीच, शेत तेच, माणूस तोच. तोंडावाटे गेलं की कातडीवाटे, एवढ्यावर विधवेचे एक लाख इकडचे तिकडे होतात. हा प्रश्न कायद्याचा म्हणायचा की शरीरशास्त्राचा?

आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचं काय? ही योजना खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. निव्वळ रोजमजुरीनं फवारणारा भूमिहीन तिच्या दारातही उभा राहू शकत नाही. त्याला जायला लागतं कीटकनाशक कायदा १९६८ आणि १९७१ च्या नियमांकडे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे पुरवायला हवेत असं ते नियम म्हणतात. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल, तोही याच नियमांमुळे. विषबाधेच्या घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकतं असंही कायद्याच्या २६ व्या कलमात आहे. तालुक्याच्या कोर्टात या कलमाखाली उभा राहिलेला एकही दावा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

२०१७ चा पावसाळा आठवा. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत दमटपणा, अळीच्या भीतीनं दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारणी चाललेली. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो भरती झाली. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिनचा उतारा आहे. पण त्या वर्षी चर्चेत आलेलं डायफेन्थियुरॉन त्या घराण्यातलं नाही, त्याला तसा उतारा नाही, आणि तीन औषधं एकत्र असली की कुणी काय केलं हे सांगणं आणखी अवघड. पुढे एक बचावलेला शेतकरी आणि दोन विधवा थेट स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये एका कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. कंपनीनं जबाबदारी नाकारली. मेख कुठे आहे पाहा : यवतमाळच्या पऱ्हाटीतल्या मृत्यूचा कारणसंबंध बासेलमध्ये लावायचा, आणि त्यासाठी लागणारे कागद आमच्या पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात पहिल्या दोन दिवसांत तयार होतात. कोणता डबा होता, त्यावर बॅच क्रमांक काय, रक्त कधी घेतलं, कशात ठेवलं. त्या दोन दिवसांत त्या खाटेजवळ हे विचारणारा कुणी असेल तर बासेलचा वकील पुढचं बघेल. नसेल तर बासेललाच काय, यवतमाळलाही जाऊन उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं थोडक्यात सांगतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, आमच्याकडेही, घरोघर ‘एएस’ आणि ‘एसएस’ हे शब्द पोराबाळांना पाठ आहेत. एएस म्हणजे वाहक, तो सहसा धडधाकट असतो. एसएस म्हणजे रुग्ण. गावात लग्न मोडताना हा फरक कुणी पाळत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नं सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, म्हणून लोकांनी पेढे वाटले. पण त्याच कायद्याचं ३४ वं कलम उघडा. सरकारी नोकरीतल्या चार टक्के जागा ज्यांना आहेत त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. शिक्षणातल्या पाच टक्क्यांत आहेत, नोकरीत नाहीत. आणि त्यासाठी लागणारं चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र? सिकलचा कळवळून टाकणारा दौरा येतो आणि जातो. बोर्डापुढे पोरगा ज्या दिवशी उभा असतो त्या दिवशी तो चालत आलेला असतो. हा आजार टक्क्यांत कसा मोजायचा यावर भांडण्यासाठी हिमोग्लोबिनही कळायला हवं आणि कलम ३४ ही.

*

आक्षेप मला ठाऊक आहेत. कोर्टाच्या बाररूममध्ये चहाच्या कपावर ते सगळे ऐकून झालेत.

पहिला आक्षेप सगळ्यांत सोज्वळ : आधी बी.एस्सी. करा, मग तीन वर्षांची एलएल.बी. करा, नवी पदवी कशाला? याला उत्तर मीच आहे. सहा वर्षं घातली. पहिल्या तीन वर्षांत कुणी मला सांगितलं नाही की हे कोर्टात लागेल. पुढच्या तीन वर्षांत न्यायवैद्यकाचा जो पेपर होता तो परीक्षेच्या आधी चार दिवस गाइडातून पाठ केला. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात हे मला एका हवालदारानं सांगितलं, कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली. यूजीसीनं २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे, तिचाही हाच दोष राहील. दोन पदव्या शेजारी ठेवल्या म्हणून त्या एकमेकींशी बोलत नाहीत. बोलायला लावावं लागतं, एकाच फायलीवर, एकाच वर्गात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. वकिलानं विज्ञान कशाला शिकावं, तज्ज्ञ साक्षीदार आहेत ना? आहेत, नागपुरात. त्यांना तालुक्याच्या कोर्टात आणायचा खर्च कोण देणार ते सांगा. शिवाय सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावता पुराव्यात वाचता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते २९३ वं कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३२९ वं आहे. तज्ज्ञाला बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण का बोलवायचं हे आधी कुणीतरी कोर्टाला पटवून द्यावं लागतं. म्हणजे तो तीन शब्दांचा कागद गुपचूप रेकॉर्डवर जातो, आणि समोरच्या वकिलाला नेमका प्रश्न माहीत नसेल तर तसाच निकालात उतरतो. जठर सोडून कातडीचा तुकडा पाठवला होता का? रक्त पहिल्या दिवशी घेतलं का? नमुने किती दिवसांनी तपासले? हे तीन प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. तज्ज्ञाला काय विचारायचं हे कळणारा वकील लागतो. आणि हे ओझं आता वाढणारच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञानं जाणं बंधनकारक केलं आहे, आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या कोर्टात विज्ञानाचे कागद ढिगानं येतील. ते वाचणार कोण?

तिसरा आक्षेप बापाचा. “शिकून झाल्यावर कमावन काय थे?” याला मी गोड उत्तर देत नाही. तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाला पहिली तीन-चार वर्षं सिनिअरच्या बॅगा उचलाव्या लागतात, काही जणांना मोटारसायकलच्या पेट्रोलएवढेही पैसे सुटत नाहीत. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणजे प्रयोगशाळेत नोकरी आणि कोर्टात वकिली असं दोन्ही जमत नाही. अशी जोडपदवी घेऊन निघालेल्या पोरीला पहिलं बोलावणं औषध कंपनीचं येईल, दुसरं विमा कंपनीचं. म्हणजे त्या बाईच्या फायलीवर ती उद्या बसेल, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. पदवीची मागणी करणारे माझे मित्र हे बोलायचं टाळतात. मला वाटतं, इथेच घोडं पेंड खातं. ज्ञान तटस्थ असतं हे खरं, पण पगार तटस्थ नसतो.

म्हणून पदवी ‘सुरू करा’ एवढी मागणी पुरेशी नाही. ती कुठे सुरू होते यावर ती कुणाची होणार हे ठरतं. आपल्याकडे तुकडे सगळे आहेत, फक्त एकत्र नाहीत. नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण भागासाठी म्हणूनच काढलेलं. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि अमरावतीला संत गाडगेबाबांच्या नावाचं. यांतल्या दोघा-तिघांनी एक करार करून पाच वर्षांची एक पदवी काढायला नवी इमारत लागत नाही. विज्ञानाचा भाग पातळ करू नका, एवढं पाहिजे. आपल्याकडे ‘इंटिग्रेटेड’ म्हटलं की एक विषय खरा आणि दुसरा शोभेचा, असा रिवाज पडला आहे.

आणि तिसऱ्या वर्षी या मुलांना दिल्लीच्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिपला धाडण्याऐवजी एक पूर्ण पावसाळा ग्रामीण रुग्णालयात ठेवा. जुलै ते ऑक्टोबर, फवारणीचे महिने. भरतीच्या रजिस्टरमध्ये ‘अननोन पॉइझनिंग’ लिहून वेळ कशी मारून नेतात ते त्यांना पाहू द्या. मृत्यूचं कारण म्हणून ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहितात, म्हणजे माणूस मेला म्हणून मेला, तेही वाचू द्या. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत व्हिसेराच्या बरण्या कुणाच्या सहीनं किती दिवस थांबतात, याची नोंद त्यांना करू द्या. शवविच्छेदनाचा इंग्रजी अहवाल मयताच्या बायकोला मराठीत, तिला कळेल अशा शब्दांत वाचून दाखवणं, यावर गुण ठेवा. मला कुणी विचारलं तर सगळ्यात कठीण पेपर हाच असेल. माझे कितीतरी वकीलमित्र त्यात नापास होतील, मी धरून.

कमाईचा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बाजार देणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मर्यादित उत्पन्नाच्या माणसांना फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर अशा पदवीधरांच्या वेगळ्या, बऱ्या मानधनाच्या जागा ठेवल्या, निदान विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत, तर विमा कंपनीचं बोलावणं नाकारायला त्या पोरीजवळ काहीतरी असेल. पॅनेलवरच्या वकिलाला आज जे मिळतं त्यात ते नाही. फी माफ करून पाच वर्षं इथे काम करायचा बाँड घ्या, असंही काही जण सुचवतात. डॉक्टरांच्या बाँडचं काय झालं ते पाहिलेलं असल्यामुळे माझा त्यावर फारसा जीव नाही.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. आमची मुलगी सेमी-इंग्रजीतून शिकली. तिला ‘एन्झाइम’ कळतं, ‘विकर’ कळत नाही, आणि कोर्टात साक्ष मराठीत होते. उलटतपासणीत डॉक्टर इंग्रजीत बोलतो, कारकून मराठीत टिपतो, आणि मधल्यामध्ये ‘इन्हिबिशन’चं काय होतं ते त्या टिपणात पाहावं. एकदा मी ‘विकर अडला’ असं लिहून घ्यायला सांगितलं, तर टंकलेखकानं ‘विकार वाढला’ असं टंकलं. अर्थ उलटा झाला नाही, पण पुरावा गेला.

बापाला मी शेवटी एवढंच म्हटलं की मेलबर्नचं सोड, ते शेत विकूनही होणार नाही. तूर्त तिनं पाच वर्षांच्या कायद्याच्या सीईटीचा फॉर्म भरला आहे. विज्ञानाचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. दोन पदव्यांच्या मुभेनं एखादी दुसरी पदवी जोडता येते का ते विचारून पाहू म्हणते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली आणि तिनं त्या बाईची फाइल मागितली. जुन्या कपाटातून धूळ झटकून काढून दिली. तासभर वाचत होती. मग तिनं मान वर करून विचारलं, “काका, याचा सदरा कुठे गेला?”